मणिपुरी पोनी: आधुनिक पोलो जिच्या पाठीवर जन्मला, ती जात दुर्मीळ का झाली?

इंफाळजवळच्या हैंगांग टेकडीवर जानेवारी २०२३ मध्ये एका अश्वारूढ पोलोपटूच्या भव्य पुतळ्याचे उद्घाटन झाले. पुतळ्याची उंची सुमारे १२० फूट आहे आणि ही टेकडी मैतेई समाजाच्या मार्जिंग या देवतेचे स्थान मानली जाते. बातम्या पुतळ्याच्या उंचीच्या झाल्या. हा पोलोपटू ज्या जनावरावर बसलेला आहे, त्या मणिपुरी पोनीची २०१९ च्या विसाव्या पशुगणनेतील संख्या मात्र अवघी १,०८९ होती. २००३ मध्ये ती १,८९८ आणि २०१२ मध्ये १,१०१ नोंदवली गेली होती.

हे आकडे वाचून सर्वसाधारण वाचकाला पडणारे प्रश्न रास्त आहेत. घोडे तर जगभर आहेत, मग एका खोऱ्यातील लहान चणीचे घोडे कमी झाले म्हणून नेमके काय बिघडते? हजारभर जनावरे शिल्लक असताना जात धोक्यात आहे असे कशावरून म्हणायचे? शिवाय, धोका असेलच तर पैदास वाढवली की प्रश्न सुटत नाही का? या प्रश्नांची उत्तरे द्यायची तर थोडे मागून सुरुवात करावी लागेल.

पोनी म्हणजे शिंगरू नव्हे

पहिला गैरसमज उंचीचा आहे. पोनी म्हणजे घोड्याचे पिल्लू, असे अनेकांना वाटते. पिल्लाला आपण शिंगरू म्हणतो आणि ते वाढून घोडा होते. पोनी पूर्ण वाढ झाल्यावरही लहानच राहते. मराठीत आपण ज्याला तट्टू म्हणत आलो, ते हेच जनावर. घोड्याची उंची डोक्यापर्यंत मोजत नाहीत, कारण डोके सतत वरखाली होते. मान जिथे पाठीला मिळते त्या उंचवट्यापर्यंत ती मोजतात. मापाचे एकक आहे ‘हात’, म्हणजे चार इंच किंवा सुमारे १० सेंटीमीटर. हा आपला कोपरापासूनचा हात नव्हे, तळव्याची रुंदी आहे. साधारण साडेचौदा हातांपेक्षा, म्हणजे सुमारे १४८ सेंटीमीटरपेक्षा, कमी उंचीच्या जनावराला पोनी म्हणण्याचा प्रघात आहे. मणिपुरी पोनी सहसा ११ ते १३ हातांची असते. सेंटीमीटरमध्ये सांगायचे तर ११२ ते १३२. मध्यम उंचीचा माणूस तिच्याशेजारी उभा राहिला तर तिची पाठ त्याच्या छातीच्या वर जात नाही.

प्राणिशास्त्राच्या दृष्टीने घोडा आणि पोनी ही एकच प्रजाती आहे. दोघांचा संकर होतो आणि संततीही प्रजननक्षम असते. फरक आहे तो जातीचा.

मग ‘जात’ कशाला म्हणायची?

पाळीव जनावरांत जात म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या एका प्रदेशात, एका प्रकारच्या कामासाठी, बव्हंशी आपापसांतच पैदास होत आलेला गट. त्या गटातील जनावरे एकमेकांसारखी दिसतात आणि हे साम्य संततीतही उतरते, ही जातीची खूण आहे. केवळ बुटका घोडा म्हणजे मणिपुरी पोनी नव्हे. उंच आई-बापांच्या पोटी एखादे बुटके शिंगरू जन्मू शकते, पण त्याची संतती बुटकीच होईल याची खात्री नसते.

भारतात जातींची अधिकृत नोंद कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो ठेवते. तिच्या यादीत घोड्यांच्या मोजक्याच जाती आहेत: मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी, हिमालयातील स्पिती, झंस्कारी आणि भूतिया, मणिपुरी, आणि अगदी अलीकडे दाखल झालेली आपली भीमथडी. यांतील मारवाडी व काठियावाडी घोड्यांना हौशी मालकांचे आणि लग्नाच्या वरातींचे पाठबळ आहे. मणिपुरीला तसा आधार नाही आणि तिची गोष्ट वेगळी होते ती इथूनच.

लहान चणीचा उपयोग

मणिपुरी पोनी पाहताना उंचीवरून नजर काढून तिचा बांधा पाहावा. डोके शरीराच्या मानाने प्रमाणशीर, कान लहान आणि सतत हलते, छाती रुंद, बरगड्यांचा घेर चांगला फुगीर, खांदा तिरका आणि पाठीमागचा भाग उतरता असतो. पाय बारीक नसतात. सांधे भक्कम आणि खूर कठीण असतात. आयाळ व शेपूट दाट असते. रंगांत विविधता आहे: तपकिरी अंग आणि काळी आयाळ असलेला कुमाईत, तांबूस, करडा-पांढरा आणि ठिपक्या-पट्ट्यांचा अबलख असे बरेच रंग आढळतात, त्यामुळे रंगावरून ही जात ओळखता येत नाही.

या प्रत्येक गोष्टीला कारण आहे. रुंद छातीत फुप्फुसांना जागा मिळते आणि दम टिकतो. तिरक्या खांद्यामुळे पुढचा पाय मोकळेपणी पुढे पडतो. उतरत्या मागच्या भागामुळे मागचे पाय पोटाखाली लवकर येतात, म्हणजेच जनावर भरधाव वेगात असतानाही पटकन थांबू शकते आणि जागच्या जागी वळू शकते. उंची कमी असल्याने शरीराचा भार जमिनीजवळ राहतो आणि तीव्र वळणावर तोल जाण्याची शक्यता कमी होते. सरळ रेषेतील शर्यतीत उंच घोडा हिला सहज मागे टाकेल. पण दर चार-सहा टापांनंतर दिशा बदलायची असेल, तर लांब पायांची अडचणच होते.

आहाराचा हिशेबही लक्षात घ्यावा. घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या साधारण दोन टक्के सुकी वैरण लागते. पाचशे किलोच्या घोड्याला ती दहा किलो, तर २७५ किलोच्या पोनीला साडेपाच किलो पुरते. शिवाय मोठ्या घोड्याला कामावर ठेवायचे तर चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, द्यावाच लागतो. मणिपुरी पोनी मात्र शतकानुशतके खोऱ्यातील गवतावर आणि पाणथळीतल्या वनस्पतींवर राहत आली. गुडघाभर पाण्यात शिरून चरणारे घोडे हे दृश्य आपल्याला विचित्र वाटेल, पण या जातीचे ते नेहमीचे वागणे आहे. दमट हवा, चिखल, डोंगराचे चढ-उतार आणि हलका आहार यांत जी जनावरे तगली, त्यांचीच संतती पुढे वाढली.

रणांगणातून मैदानात

मणिपूरचे राज्य लहान होते, पण त्याच्या घोडदळाचा दरारा मोठा होता. अठराव्या शतकात राजा गरीबनवाज याने ब्रह्मदेशात खोलवर स्वाऱ्या केल्या, त्या या पोनींच्या बळावर. मणिपुरी स्वाराचे खास अस्त्र होते अराम्बाइ. हा फेकून मारायचा बाण असे आणि दौडत्या पोनीवरून, अनेकदा पाठलाग करणाऱ्या शत्रूवर मागे वळून, तो फेकला जाई. पुढे मणिपूर ब्रह्मी सत्तेखाली आल्यावर तेथील मणिपुरी स्वारांची पथके ब्रह्मी राजांनी आपल्या सैन्यातही ठेवली.

या जातीला आज ज्यामुळे ओळख आहे, तो खेळ म्हणजे सगोल कांगजेइ, मणिपुरी पोलो. प्रत्येक बाजूला सात खेळाडू असतात. चेंडू बांबूच्या मुळापासून केलेला असतो. मैदानात गोलाचे खांब नसतात; प्रतिस्पर्ध्याच्या बाजूची शेवटची रेषा चेंडूने ओलांडली की गोल. मैतेई परंपरेत हा खेळ मार्जिंगचा मानला जातो आणि पोनी ही सामादोन आयांगबा या पंखधारी घोड्याची वंशज समजली जाते. त्यामुळे तिथे पोनीला दैवताचे वाहन म्हणून मान आहे, तिला वाहतुकीचे जनावर एवढेच समजले जात नाही. इंफाळच्या मध्यभागी असलेले मापाल कांगजेइबुंग हे मैदान अजूनही वापरात असलेल्या जगातील पोलो मैदानांपैकी सर्वांत जुने मानले जाते.

खेळ बाहेर गेला तो एका आपत्तीमुळे. १८१९ ते १८२६ या सात वर्षांत ब्रह्मी आक्रमणाने मणिपूर उद्ध्वस्त झाले आणि तेथील राजपुत्र व प्रजा शेजारच्या कछारमध्ये, म्हणजे आजच्या आसामच्या दक्षिण भागात, आश्रयाला गेली. सोबत पोनी गेल्या आणि खेळही गेला. कछारमधील चहामळ्यांचे ब्रिटिश मालक आणि लष्करी अधिकारी यांनी तो तिथे पाहिला. जोसेफ शेरर आणि रॉबर्ट स्ट्युअर्ट यांच्या पुढाकाराने १८५९ मध्ये सिल्चरला पोलो क्लब निघाला, काही वर्षांत कलकत्त्यातही निघाला आणि १८६९ च्या सुमारास खेळ इंग्लंडला पोहोचला. (घोड्यावरून चेंडू टोलवण्याचे खेळ इराणपासून मध्य आशियापर्यंत त्याआधीही होते, पण आज जगभर खेळला जाणारा पोलो ज्या वाटेने पसरला, ती वाट मणिपुरातून निघते.)

यानंतरच्या एका बदलाने मणिपुरी पोनीचे भवितव्य बरेचसे ठरवले, असे मला वाटते. सुरुवातीच्या काळात पोलोत घोड्याच्या उंचीवर मर्यादा होती. ती हळूहळू वाढत गेली आणि पहिल्या महायुद्धानंतर पूर्णपणे उठवली गेली. मैदान मोठे, वेग अधिक आणि दर फेरीला घोडा बदलण्याची सोय, अशा खेळात शर्यतीच्या घोड्यांच्या रक्ताचे उंच घोडे सरस ठरले. जगात त्या घोड्यांनाही ‘पोलो पोनी’ म्हणण्याची रीत राहिली, पण मूळच्या पोनीला मणिपूरच्या बाहेर काम उरले नाही.

मोकाट जनावर आणि हरवलेली कुरणे

मणिपुरातही पोनी पाळण्याची पारंपरिक पद्धत तबेल्याची नव्हती. खेळ किंवा काम नसेल तेव्हा पोनी मोकळी सोडायची, ती पाणथळ जागेत चरायची आणि गरज पडली की तिला धरून आणायचे. मालकाला चाऱ्याचा खर्च जवळजवळ नव्हता. या पद्धतीला मोकळी सार्वजनिक जमीन लागते. इंफाळ शहर वाढले तशी लाम्फेलपातसारखी पाणथळ मैदाने भरावाखाली, वसाहतींखाली आणि संस्थांच्या इमारतींखाली गेली. पोनी मोकळ्या सोडण्याची सवय राहिली, सोडण्याची जागा मात्र संपली.

परिणाम इंफाळच्या रस्त्यांवर दिसतो. दुभाजकावरचे गवत खुडणाऱ्या आणि कचऱ्याच्या ढिगात तोंड घालणाऱ्या पोनी तिथे नवीन नाहीत. प्लास्टिक पोटात जाऊन आणि वाहनांची धडक बसून त्या मरतात. इथे एक शारीरिक वैशिष्ट्य घातक ठरते: घोड्याला गायीसारखे रवंथ करता येत नाही आणि त्याला उलटीही होत नाही. पोटात गेलेली वस्तू आतड्यात अडकली तर तीव्र पोटशूळ उठतो आणि त्यात जनावर अनेकदा दगावते.

मालकांना दोष देणे सोपे आहे. पण जे जनावर शेतात राबत नाही, दूध देत नाही आणि वर्षातून काही सामन्यांपुरतेच लागते, त्याला विकतचा चारा घालून बांधून ठेवणे साध्या कुटुंबाला झेपणारे नाही. राज्य सरकारने २०१३ मध्ये ही जात संकटग्रस्त घोषित केली आणि २०१६ मध्ये पोनीच्या संवर्धन व विकासाचे धोरणही आणले. धोरणाची खरी परीक्षा चराऊ जमिनीच्याच प्रश्नावर आहे.

“२०१२ नंतर संख्या स्थिरावली आहे ना?”

आक्षेप योग्य आहे. २०१२ ते २०१९ या काळात देशातील एकूण घोडे आणि पोनी सव्वासहा लाखांवरून सुमारे ३ लाख ४० हजारांवर आले. म्हणजे घट जवळजवळ ४६ टक्के. त्याच काळात मणिपुरी पोनी फक्त १२ ने घटल्या. तुलनेने हे बरेच म्हणायचे.

मात्र जातीचे आरोग्य केवळ डोकी मोजून कळत नाही. गणनेत शिंगरे, म्हातारी जनावरे आणि खच्ची केलेले नरही धरले जातात. पुढची पिढी देणारी जनावरे त्यातील काहीच असतात आणि त्यांतही नर-मादीचे प्रमाण विषम असते. यासाठी शास्त्रज्ञ ‘परिणामकारक संख्या’ ही कल्पना वापरतात: पैदाशीतील नर आणि माद्या यांचा गुणाकार करून त्याला चारने गुणायचे आणि दोघांच्या बेरजेने भागायचे. समजा, ४०० घोड्या आणि २० पैदाशीचे घोडे आहेत. एकूण जनावरे ४२०, पण परिणामकारक संख्या येते सुमारे ७६. तेवढ्याच ४२० जनावरांत घोडे ६० आणि घोड्या ३६० असतील, तर ती सुमारे २०६ होते. डोकी तीच, पण नर तिप्पट केल्यावर आनुवंशिक बळ पावणेतीन पटींच्या जवळ गेले.

असे का होते, हे पत्त्यांवरून समजते. प्रत्येक जनावराच्या हातात एका गुणाची दोन पाने आहेत असे धरू. शिंगराला एक पान आईकडून आणि एक बापाकडून मिळते, पण दोनांपैकी कोणते ते नशिबावर असते. एखादे पान सगळ्या कळपात एकाच घोड्याकडे असेल आणि त्याची शिंगरे झाली नाहीत, तर ते पान डावातून कायमचे बाद होते. थोडेच घोडे सगळ्या शिंगरांचे बाप असतील, तर दर पिढीला अशी पाने गळत जातात आणि एकाच पानाची जोडी हातात येण्याचे प्रसंग वाढतात. ते पान एखाद्या सुप्त दोषाचे असले, तर जोडी जमताच दोष उघडा पडतो. घोड्याची एक पिढी आठ-दहा वर्षांची असते. त्यामुळे ही गळती मालकाच्या डोळ्यांना लवकर दिसत नाही.

“मोठ्या घोड्याशी संकर करून जात सुधारली तर?”

हा उपाय वरवर व्यवहार्य वाटतो: संततीची उंची वाढेल, तिला किंमत येईल आणि मालकही टिकतील. पण घोडीचा गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा असतो आणि तिला एका वेळी एकच शिंगरू होते. प्रत्यक्षात दरवर्षी शिंगरू मिळेलच असेही नाही. जी घोडी त्या वर्षी संकरित शिंगरू वाढवते, ती त्या वर्षी मणिपुरी शिंगरू देऊ शकत नाही. काही हजार घोड्या असत्या तर हा तोटा जाणवला नसता; काही शेकड्यांत तो थेट पुढच्या पिढीतून वजा होतो. शिवाय संकरित जनावराची वैरणीची गरज वाढते आणि पाणथळ चराईवर जगण्याचे गुण पातळ होतात.

इथे ‘रक्ताच्या शुद्धते’ची भाषा करण्याची गरज नाही. कोणतीही जात मुळात मिश्रणातूनच आलेली असते आणि मणिपुरी पोनीही त्याला अपवाद नाही. मुद्दा हिशेबाचा आहे. गोठवलेले वीर्य आणि भ्रूण द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवून जातीचा आनुवंशिक ठेवा जपता येतो, आणि तो जपायला हवाच. पण त्यातून उद्या शिंगरू जन्माला आले तरी ते चरायचे कुठे, हा प्रश्न उरतो.

“खेळासाठी जनावर राबवणे योग्य आहे का?”

प्राण्यांविषयी कळकळ असलेल्यांचा हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. स्वार आणि खोगीर यांचे मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या भागापेक्षा जास्त नसावे, असा सर्वसाधारण दंडक सांगितला जातो. २७५ किलोच्या पोनीसाठी ही मर्यादा ५५ किलो येते आणि सडपातळ प्रौढ माणूसही खोगिरासह ही मर्यादा ओलांडतो. तेव्हा खेळाचा वेळ, विश्रांती, जनावर बदलण्याची सोय आणि स्वाराचे वजन यांवर नियम असावेत, हा आग्रह मला पटतो. मैदान पुरेसे मऊ आहे का आणि तोंडातील लगामाची पट्टी जखम करत नाही ना, हेही पाहायला हवे.

खेळच बंद करा, ही मागणी मात्र या जातीच्या बाबतीत उलटी पडेल. सैन्यातील काम गेले, वाहतुकीचे काम गेले. पोनी ठेवण्याचे जे एक कारण मणिपुरी कुटुंबांकडे उरले आहे, ते पोलोच आहे. ते कारण रुंदावण्याचे प्रयत्नही झाले आहेत. २०१६ पासून राज्य स्थापना दिनाच्या निमित्ताने इंफाळला महिलांची पोलो स्पर्धा भरू लागली आणि परदेशांतून आलेल्या खेळाडूही तिथे मणिपुरी पोनींवरच खेळल्या. घरी पंधरा-सोळा हातांच्या घोड्यांची सवय असलेल्या या खेळाडूंना पाय जमिनीच्या इतके जवळ ठेवून खेळावे लागते, आणि पोनी स्वाराच्या अपेक्षेआधीच वळते.

आधी कोणते काम हाती घ्यावे?

सगळ्यांत कमी खर्चाचे आणि तरीही सर्वांत जास्त रेंगाळणारे काम आहे वंशनोंदीचे. मोकळ्या चरणाऱ्या कळपात कोणते शिंगरू कोणत्या घोड्याचे, हे मालकालाही नेमके ठाऊक नसते. प्रत्येक पोनीच्या मानेत तांदळाच्या दाण्याएवढी ओळखचिप बसवायची, आयाळीच्या मुळाशी असलेल्या केसांवरून पितृत्व तपासायचे आणि हे सारे एका वंशवहीत लिहायचे. अशी वही तयार झाली की कोणत्या घोड्याची शिंगरे फार झाली, कोणत्याची मुळीच झाली नाहीत आणि पुढच्या हंगामात कोणती घोडी कोणाकडे न्यायची, हे ठरवता येते. वर सांगितलेल्या उदाहरणातील २० नरांचे ६० करायचे असतील, तर ते साठ कोणते, हे आधी माहीत असावे लागते.

दुसरे काम चराऊ जमिनीचे आहे आणि ते महाग आहे. पाणथळ जागा राखून तिच्या कडेला पोनींसाठी कुंपण असलेले कुरण ठेवले, तर पुराचे पाणी साठवणे आणि चराई ही दोन्ही कामे एकाच जागेत होतात. जमीन शहरालगतच हवी, कारण मालक आणि मैदाने तिथेच आहेत. दूरच्या डोंगरात हलवलेली पोनी जगेल, पण तिच्यावर बसणारा तिथे नसेल. शहरालगतच्या जमिनीचे भाव पाहता इतर सर्व मागण्यांपेक्षा ही मागणी मान्य करून घेणे अवघड जाणार, हे उघड आहे.